पाकळी घरच्या पुरुषाने लावायची

१ जून २०२५, रविवार. सकाळ.

आज वाढदिवस. पंचावन्नावं लागलं. रोजनिशी सुरू.

संकल्प: धर्मश्रद्धांवर कडक टीका करायची, पण श्रद्धाळू माणसाबद्दल मनात काडीचाही द्वेष ठेवायचा नाही. टीका विचारावर. माणसावर प्रेम. हे सूत्र माझं स्वतःचं आहे. लिहिताना डोळे भरून आले. ॲलर्जी असावी, गोदामांच्या रस्त्याचं काम चालू आहे.

आजवर माझं चुकलं ते फक्त टायमिंग. मार्चमध्ये वरच्या आळीच्या हळदीत मी माइक घेऊन हळदीतल्या औषधी गुणांवर आणि बाकीच्या थोतांडावर बोललो, तेव्हा डीजे बंद करावा लागला. लोक डीजेमुळे चिडले होते. विचारामुळे नाही.

माझ्याकडे वेळ आहे (वळ गावातल्या दोन गोदामांचं भाडं येतं), वाचन आहे, आवाज आहे. ‘विवेकाची वाट’ हा ग्रुप आहे. त्यातून दर आठवड्याला चार-पाच जण बाहेर पडतात. चाळणी लागतेय. दर्जा वाढतोय.

पार्वतीला, म्हणजे बायकोला, संकल्प वाचून दाखवला. म्हणाली, चहा निवतोय.

३ जून, मंगळवार.

पार्वतीचा मंगळवार. शुगर असताना उपास! गोड शब्दांत समजावलं. म्हटलं, अगं, गावदेवी तुझे उपास मोजत बसत नाही, कारण ती दगड आहे. ‘दगड’ हा शब्द मी भूगर्भशास्त्राच्या अर्थाने वापरला. अपमान नव्हता. बरं, म्हणाली. गोळी घेतली आणि भगर पण खाल्ली. दोन्ही.

संध्याकाळी आमच्या मुलाच्या, सार्थकच्या फोटोपुढे दिवा. रोजचंच. मानकोली फाट्यावर बाइक कंटेनरखाली गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. एकोणीसचा होता. ती दिवा लावते आणि त्याला दिवसभराचं सांगत बसते. आज काय शिजवलं, कोण आलं, मांजरीला पिल्लं झाली. मी मागे उभा राहून हळुवारपणे म्हणालो, पार्वती, ऐकू जायला कान लागतात.

तिने आवाज बारीक केला. पटत चाललंय तिला.

८ जून, रविवार.

भांड्यांना येणाऱ्या ठकुबाईच्या मनगटावर काळा दोरा दिसला. पाड्यावरच्या भगताने मंतरून दिलेला. मुलीला ताप आहे म्हणे. बसवली तिला आणि व्हायरस म्हणजे काय ते पाऊण तास सांगितलं. ती म्हणाली, दादा, डाक्टरकडं पण नेली, दोरा पण बांधला. म्हणजे मूळ मुद्दा तसाच! शेवटी मी कात्री आणली आणि दोरा कापला. कातडीला जरासुद्धा लागू दिलं नाही. एवढी काळजी कोण घेतं?

तिने तुकडे उचलून पदरात बांधले. भांडी अर्धी राहिली.

१० जून. ठकुबाई आली नाही. विचार करत असेल.

११ जून. आली नाही. अशा विचारांना वेळ लागतो.

१५ जून. ठकुबाई वरच्या आळीत कामाला लागली, असं पार्वतीकडून कळलं. मुलगी बरी आहे. व्हायरस पाच दिवसांत जातोच, हे मी सांगितलंच होतं. पार्वती दोन वेळची भांडी घासते. तिला म्हटलं, बघ, तुलाही व्यायाम झाला.

१७ जून, मंगळवार.

नवा प्रकल्प: गावदेवीचा कौल. कोणाला काही विचारायचं असलं की देवीच्या दोन खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. सोयरीक, बोअरवेल, ऑपरेशन, गोदाम कोणाला भाड्याने द्यायचं, सगळं ह्या पाकळ्यांवर! एकविसाव्या शतकात!

पुजारी तुळशीराम याच्याकडून रीतसर माहिती घेतली. माणूस चांगला आहे (द्वेष नाही). आक्षेप लिहून ठेवतो.

पाकळी पडते ती पाणी सुकल्यामुळे. देवीचा संबंध शून्य.

प्रश्न मनात धरायचा, तोंडाने बोलायचा नाही. पाकळी पडल्यावरच उघड करायचा. म्हणजे पळवाट! मागाहून काहीही सांगता येतं. तुळशीराम म्हणाला, देवीपुढं खोटं कोन बोलंल? मी हसलो. प्रेमाने.

बाईने कौल मागितला तर पाकळी तिच्या घरच्या पुरुषाने लावायची. पुजाऱ्याने नाही, तिने स्वतः तर नाहीच. याला काय म्हणावं! प्रश्न बाईचा आणि हात पुरुषाचा! ही रीत ज्याने काढली त्याला जोड्याने… नको. द्वेष नको. खोडलं.

२० जून, शुक्रवार.

दिवसभर प्रयोग. पाटा भिंतीला उभा केला, तीच देवी. डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीने थेंब मोजून पाणी लावलं. साध्या पाण्याची पाकळी चहा पिऊन होईतो पडते. गुळाच्या पाण्याची जेवण होईतो. कणकेची पातळ खळ लावली तर दुसऱ्या दिवशीसुद्धा हलत नाही! खळ पार्वतीने करून दिली. माझ्या खळीत गुठळ्या होतात.

तिला सगळं समजावून सांगितलं. जिला खळ ती राहणार, जिला पाणी ती पडणार. तिने पदराला हात पुसत लक्ष देऊन ऐकलं. परत एकदा करून दाखवा म्हणाली. दाखवलं. मग म्हणाली, म्हंजे ज्याच्या हातात पानी, त्याच्या हातात कौल?

अरे वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायको माझं काही शिकली. तिचं वाक्य ग्रुपवर टाकलं, माझ्या नावाने. तीन जण बाहेर पडले.

२४ जून, मंगळवार.

देवळात जाहीर प्रात्यक्षिक. गर्दी बऱ्यापैकी (आरतीची होती, पण थांबली). मी सूत्र सांगितलं: टीका विचारावर, माणसावर प्रेम. मागून कोणीतरी म्हणालं, प्रेम जरा लवकर आटपा, डाळ गॅसवर हाय.

नमुन्यादाखल प्रश्न घेतला, मुद्दाम मोठ्याने: केसरीनाथ तरे (म्हणजे मी) शहाणा आहे का? डाव्या पाकळीला खळ, उजवीला पाणी. उजवी पडणार हे आधीच जाहीर केलं. एवढ्यात कोणी शहाण्याने भिंतीवरचा पंखा पाचवर केला. डावीला खळ कमी लागली असावी. डावी पडली.

देऊळभर हशा. म्हाताऱ्या बायकांनी देवीला हात जोडले, काही जणींनी तर नारळ बोलला. तुळशीरामने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मनाला लावून घेऊ नका.

मी अजिबात लावून घेतलेलं नाही. मूर्ख लेकाचे. (द्वेष नाही. निरीक्षण.)

पार्वती हसली नाही. एवढं मात्र खरं. घरी येऊन डाळ-भात वाढला आणि पंखा बंद केला.

२९ जून, रविवार.

गोदामाच्या भाडेकरूकडे मशीनची पूजा. मॅनेजर म्हणाला, तरेसाहब, नारियल आप ही फोडिए. फोडला. टिळा लावून घेतला. प्रसादाचा शिरा दोनदा घेतला. यात तत्त्वाला बाधा नाही. ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचं आहे, आणि परप्रांतातून आलेल्या माणसाच्या भावना आपण जपल्या पाहिजेत.

पार्वतीने टिळ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. तिचं हेच मला आवडत नाही. बोलावं माणसाने.

१३ जुलै, रविवार.

पुढच्या रविवारी सार्थकचं वर्षश्राद्ध. श्रावण लागायच्या आत येतंय, म्हणून पार्वती त्याच्या आवडीचं करणार: सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. पहिलं पान अंगणात कावळ्याला. कावळा शिवला म्हणजे त्याला पोचलं. मग बाकीचे जेवणार.

आज तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. आजवर तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणाली, त्या दिशी काय बोलू नका. येवढा येक दिस.

शब्द दिला. मी शब्दाचा पक्का आहे.

संकल्प: रविवारी तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. फक्त प्रसन्न चेहरा.

२० जुलै, रविवार. संध्याकाळ.

शब्द पाळला. आधी हे नोंदवतो.

पाहुणे बाराला जमले. पडघ्याहून पार्वतीचा भाऊ दौलत, त्याची बायको. आमची मुलगी मृणाली सासरहून येऊ शकली नाही, तिची बाळंतपणाची डेट जवळ आली आहे. चुलते, शेजारपाजार. अंगणात तुळशीपाशी केळीच्या पानावर भाकरी, कालवण, भात, बाजूला सार्थकचं आवडतं लिंबू सरबत. पाऊस भुरभुरत होता. कावळे नाहीत. पावसात कावळे कमी फिरतात, हे साधं शास्त्र आहे, पण मी बोललो नाही.

एक वाजला. दीड वाजला. सगळे उपाशी. चुलत्यांना शुगर. पार्वती पदर डोक्यावर घेऊन पावसात उभी. ये रे बाबा, म्हणत होती. तुजी बाइक ठेवलीय मी, इकली न्हाय, ये. दौलत पण तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, सार्थक, तुज्या आयशीला मी संभालीन, ये. मी प्रसन्न चेहऱ्याने ओटीवर बसलो होतो. गालांना रग लागली.

मग मला वाटलं, हे कुठवर? माणसं उपाशी मरतायत एका पक्ष्यासाठी. ह्या अशा वेळी विवेकी माणसाने हातावर हात ठेवून बसायचं? बोलणार नाही असा शब्द दिला होता. करणार नाही असा नव्हता दिला.

मी अंगणात उतरलो. पानापाशी मांडी घातली. भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली. पूर्ण पान खाल्लं. सरबत प्यायलो.

कोणी हललं नाही. वीज पडली नाही. देवीला काही वाटलं नाही. हेच तर दाखवायचं होतं! एक शब्द न बोलता एवढं प्रभावी प्रात्यक्षिक आजवर कोणी केलं नसेल.

उठताना पार्वतीला म्हटलं, कालवण फार छान झालंय. माणसाचं कौतुक करावं.

ती पानाकडे बघत उभी होती. पाहुणे न जेवता गेले. गावाकडची माणसं, शॉक पचायला वेळ लागतो.

तिखट जरा जास्त होतं. अजून जळजळ आहे.

२१ जुलै, सोमवार.

मृणालीचा फोन. तिने एकच विचारलं, बाबा, तुम्ही सार्थकचं पान जेवलात? मी म्हटलं, सार्थकचं असं काही नसतं बेटा, मेलेल्या माणसाला पचनसंस्था… फोन कट झाला. पावसाने नेटवर्क जातं.

पार्वती बोलत नाही. चहा देते, जेवण देते, कपडे धुते. म्हणजे नाराज नाही. अंतर्मुख आहे.

२३ जुलै, बुधवार.

संध्याकाळी दिवा लावला तिने. पण फोटोशी बोलली नाही. नुसती बसली.

बघा! अखेर तीन वर्षांनी तिने ते बोलणं सोडलं. प्रयोग यशस्वी.

घर फार शांत वाटतं. रेडिओ दुरुस्त करून आणायला हवा.

२७ जुलै, रविवार.

श्रावण लागला. घरात वरण-भात. दौलत येऊन बसला. माझ्याशी बोलला नाही, बहिणीशी बोलला. म्हणाला, ताय, पडघ्याला चल. कायमची. खोली हाय, भाताचं घर हाय, कोन तुला काय बोलनार न्हाय.

पार्वती म्हणाली, देवीला इचारीन. येत्या मंगळवारी नागपंचमीची गर्दी, म्हणून त्याच्या पुढच्या मंगळवारी.

मी खळखळून हसलो. म्हटलं, दौलतराव, तुमच्या बहिणीचा संसार आता झेंडूच्या पाकळीवर! दौलत उठला. त्याने मूठ वळली होती. पार्वतीने त्याला हाताला धरून खाली बसवलं. मी त्याच्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही. मूठ वळणं हे अज्ञानाचं लक्षण आहे.

३० जुलै, बुधवार.

ती जाणार नाही. एकतीस वर्षांचा संसार आहे.

पण समजा पाणी आधी उजवीकडचं सुकलं तर? देवळाचा दरवाजा उजव्या अंगाला आहे. वारा तिकडून येतो. उजवी पडण्याची शक्यता जास्त!

कमाल आहे. मला हे आजवर सुचलं कसं नाही? म्हणजे हे गाव पिढ्यान् पिढ्या वाऱ्यामुळे ‘हो’ म्हणतंय?

झोप नाही. चहाची पत्ती कुठे ठेवते हे मला माहीत नाही, हे आज लक्षात आलं. शोधली. सापडली नाही. म्हणजे भीती वगैरे नाही, पण पत्ती तरी कळायला हवी.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

नीट विचार केला. एका बाईचं आयुष्य वाऱ्याच्या भरवशावर सोडायचं, हे विवेकी माणसाला शोभतं का? नाही शोभत. हस्तक्षेप करावाच लागेल.

आणि सोय आहे! बाईच्या कौलाला पाकळी घरच्या पुरुषाने लावायची. घरचा पुरुष मी. ह्या रीतीबद्दल मी १७ जूनला जे लिहिलं ते जरा घाईत लिहिलं होतं. जुन्या माणसांनी काही गोष्टी विचारपूर्वक केलेल्या असतात.

योजना: उजवीला खळ, डावीला साधं पाणी. डावी पडणार. ‘जाऊ का?’ तर ‘नाही’. ती देवीचं मोडणार नाही. ही फसवणूक नाही. अंधश्रद्धा नावाच्या रोगावर तिच्याच विषाची मात्रा आहे. लस अशीच बनते.

ती राहिली की पत्ती कुठे ते विचारून घ्यायचं. आणि सार्थकच्या पुढच्या वर्षी खरंच गप्प बसायचं. ओटीवरून उठायचंच नाही. हे नक्की.

४ ऑगस्ट, सोमवार.

रंगीत तालीम. पाट्यावर दहापैकी दहा वेळा डावी पडली.

खळ करताना गुठळ्या झाल्या. पार्वती स्वयंपाकघरात आली, वाटी बघितली. कशाला, विचारलं. ग्रुपचं पोस्टर चिकटवायचंय, म्हणालो. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग वाटी घेतली, गरम पाणी घालून गुठळ्या मोडल्या, फडक्यातून गाळली आणि पातळ करून परत हातात दिली. म्हणाली, आता बसंल चांगली.

पंधरा दिवसांत माझ्याशी पहिल्यांदाच इतकं बोलली. बिचारी. काही कळत नाही तिला. मन भरून आलं. इतकी साधी बाई आहे, हिला मी कसा जाऊ देईन?

५ ऑगस्ट, मंगळवार. दुपार.

लिहितो. क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला देवळात. पार्वती हिरव्या लुगड्यात. दौलत आणि त्याची बायको. तुळशीराम. आळीतल्या सात-आठ बायका, त्यात ठकुबाई दाराशी. पंखा बंद, हे मी आधीच बघून घेतलं होतं. खळ अंगठ्याच्या नखात होती.

तुळशीरामने पाकळ्या दिल्या. उजवी लावली, दाबून. डावी लावली, हलकीच. पार्वतीने डोळे मिटून हात जोडले. ओठ हलत नव्हते. मीही डोळे मिटले. देवीसाठी नाही, घाम डोळ्यात जात होता.

चहा पिऊन होण्याइतकाही वेळ लागला नाही. डावी पडली.

मी टाळी वाजवली. वाजवायला नको होती. म्हणालो, झालं! देवी म्हणते जायचं नाही! उचल पिशवी, घरी चल.

तुळशीरामने रीतीप्रमाणे विचारलं, वयनी, काय धरलं होतं मनात?

पार्वतीने पडलेली पाकळी उचलून कपाळाला लावली. माझ्याकडे बघून नाही, देवीकडे बघून म्हणाली, ह्या मानसाजवल राहू का, असं इचारलं होतं.

नाही.

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. मी म्हणालो, असं कसं? प्रश्न ‘पडघ्याला जाऊ का’ असा हवा होता! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुळशीराम म्हणाला, प्रश्न ज्याचा त्याचा.

मग मी सत्य सांगितलं. सत्य सांगायला मी कधी घाबरलेलो नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की उजवीला खळ आहे, हा कौल खोटा आहे, मीच तो पाडला, हात लावून बघा. तुळशीरामने उजवी ओढली. निघेना. नखाने खरवडली. बायकांनी तोंडाला पदर लावले. दौलत पुढे आला. पार्वतीने त्याला मागे सारलं.

ती म्हणाली, मंग तर बरंच झालं. तुमच्याच हातानं सोडवलं तिनं.

मी म्हणालो, पार्वती, अगं ती दगड आहे! तिने काही केलेलं नाही! खळ मी लावली!

हो, म्हणाली. मीच गालून दिलेली.

पिशवी पायापाशी भरलेलीच होती. मी मघाशी ती पूजेची समजलो होतो.

जाताना दाराशी थांबली. म्हणाली, तुमचं त्या देवीशी भांडन होतं ना? मी कदी मधी पडले न्हाय. पन त्या दिशी ते पान देवीचं नव्हतं. माज्या लेकाचं होतं.

दौलतच्या टेम्पोत बसून गेली.

संध्याकाळ. फोटो नेला आहे. भिंतीवर चौकोन दिसतो. दिवा ठेवून गेली. विसरली असेल.

६ ऑगस्ट. मृणालीला फोन केला. तिने उचलला नाही, जावयाने उचलला. मुलगा झाला म्हणे, काल. कळवणार होतो, म्हणाला.

९ ऑगस्ट, शनिवार.

राखी. कोणी नाही.

आठ दिवसांचे संकल्प: स्वयंपाक शिकायचा. पडघ्याला जाऊन शांतपणे मुद्दे मांडायचे. द्वेष न करता. दौलत घरी नसताना जावं.

पत्ती सापडली. मिठाच्या डब्यामागे.

१३ ऑगस्ट, बुधवार.

पडघ्याला गेलो. मुद्दे कागदावर होते. पार्वती मागच्या अंगणात भात निवडत होती. पुढच्या खोलीत सार्थकचा फोटो, त्यापुढे दुसरा दिवा. अंगणातूनच ती त्याला सांगत होती. बाहेर ऐकू येत होतं. मृणालीच्या बाळाचे कान तुज्यासारखे हायत, म्हणत होती. तुज्या मामीनं कणीक फार घट्ट मलली. सुपातले खडे कोंबड्यांना टाकत होती आणि हसत होती. इतकं मोठ्याने तिला बोलताना मी आमच्या घरात ऐकलेलं नाही.

आत गेलो नाही. एस्टी लवकरची होती.

‘विवेकाची वाट’वर लिहिलं: टीका विचारावर, माणसावर प्रेम. कोणी वाचलं नाही. बघितलं तर ग्रुपमध्ये मी आणि भाडेकरूचा मॅनेजर, दोघेच. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार.

उद्या गणपती. आळीभर मखरं, ढोलताशांची तालीम. आमच्याकडे दरवर्षी पार्वती आणायची. मी दरवर्षी विरोध करायचो. ह्या वर्षी कोणी आणत नाही, त्यामुळे विरोध करायचा प्रश्न नाही.

मृणालीकडून बाळाचा फोटो आला. मजकूर नाही, नुसता फोटो. कान मोठे आहेत.

दुपारी देवळात गेलो. प्रयोग म्हणूनच. भाद्रपदातली आर्द्रता तपासायची होती. तुळशीरामने काही न विचारता दोन पाकळ्या दिल्या. खळ नेली नव्हती. दोन्हींना सारखं पाणी, बाटलीने मोजून, एकेक थेंब. उजवी, डावी. मग बाजूला होऊन बसलो.

पहिल्यांदाच असं झालं की मला माहीत नव्हतं कोणती पडणार.

तासभर गेला. पाकळ्या तशाच. हवा फार दमट आहे, पाणी सुकत नाही, हे साधं शास्त्र आहे. बायका आरतीचं सामान ठेवून गेल्या. ठकुबाई येऊन नमस्कार करून गेली, तिच्या मनगटावर नवा दोरा होता. मी काही बोललो नाही. बाहेर झाडावर कावळे होते. आज पाऊस नव्हता.

संध्याकाळी तुळशीराम कुलूप घेऊन आला. काय इचारलंव, म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, आर्द्रता. तो म्हणाला, अहो, कव्हापासून बसलाव, पंखा लावू का, कंची तरी येक पडंल.

नको म्हणालो.

काय विचारलं होतं ते इथेही लिहीत नाही. पाकळी पडेपर्यंत सांगायचं नसतं. तुळशीरामला म्हटलं, तू जा, किल्ली मला दे, मी थांबतो.